पाय, कुबडी आणि चाक

प्रस्तावना

घरातल्या कुणाचा पाय कापावा लागला की भेटायला येणारी माणसं पहिल्या आठवड्यातच विचारतात, “मग, पाय कधी बसवणार?” प्रश्न मायेपोटीच असतो. विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: एक पाय गेला, दुसरा आणायचा, विषय मिटला. प्रत्यक्षात त्या घरात पुढच्या वर्ष-दोन वर्षांत वस्तूंचा एक संसारच उभा राहतो. दाराआड कुबड्यांची जोडी, न्हाणीघराशी वॉकर, पलंगाखाली घडी घातलेली व्हीलचेअर, जागा असेल तर अंगणात तीनचाकी सायकल आणि कपाटाला टेकवून ठेवलेला पाय. यांतलं काय कधी घ्यायचं, हे तो माणूस दिवसभर ठरवत असतो. रात्री अडीच वाजता लघवीला उठताना कुणी पाय चढवत बसत नाही. लग्नाला जाताना कुबड्या नकोशा वाटतात. मोठ्या स्टेशनात एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचं असेल, तर पायानं छान चालणारा माणूसही खुर्ची मागतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटायचं कारण नाही.

हे पुस्तक या सगळ्या वस्तूंचं आहे. पाय त्यातली एक वस्तू. महत्त्वाची, पण एकच. हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की आपल्याकडे पायाच्या गोष्टी पुष्कळ छापून येतात आणि कुबडीच्या जवळजवळ येतच नाहीत. १९८१ साली बसच्या अपघातानंतर सुधा चंद्रन यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम् करू लागल्या, त्यांच्यावर तेलुगूत ‘मयूरी’ आणि मग हिंदीत ‘नाचे मयूरी’ हे चित्रपट निघाले आणि त्यांत त्यांनी स्वतःच काम केलं. अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये कृत्रिम पायानं एव्हरेस्टवर पोहोचल्या. सुमित अंतिलनं टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये भालाफेकीचं सुवर्णपदक मिळवलं. ही माणसं मोठी आहेतच. पण त्यांच्या गोष्टींमुळे एक चमत्कारिक ओझं तयार झालं. ज्याला एव्हरेस्ट चढायचं नाही, फक्त बाजारातून भाजी आणायची आहे, त्यालाही वाटू लागतं की पायावर चालता आलं तर आपण जिंकलो आणि व्हीलचेअरवर बसलो तर हरलो. या पुस्तकाच्या लेखकांना हा समज मोडायचा आहे, आणि तो मोडायलाच हवा, असं माझंही मत आहे.

माणसानं गमावलेल्या पायाच्या जागी काहीतरी लावायचा खटाटोप फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेचा उल्लेख येतो. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी जंघा दिली. ही विश्पला बाई होती की शर्यतीची घोडी, यावर अभ्यासकांत वाद आहे. घोडी असली तरी कल्पना माणसाचीच. इजिप्तमध्ये थीब्जजवळच्या थडग्यात एका स्त्रीच्या ममीच्या पायाला लाकूड आणि चामड्याचा अंगठा बांधलेला सापडला, तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्या अंगठ्यावर वापरल्याच्या झिजेच्या खुणा आहेत, म्हणजे तो केवळ परलोकासाठी लावलेला नव्हता. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये अँब्रोज पारे या सैन्याच्या शल्यविशारदानं गुडघ्यात वाकणारा आणि कुलूप लावता येणारा पाय कागदावर उतरवला. पुढचा सगळा इतिहास लढायांच्या मागोमाग चालतो. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये निघाली. कानपूरचा ‘अलिम्को’ हा सरकारी कारखाना १९७२ चा. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत या नावांची ओळख रुग्णालयाच्या कागदांतूनच झालेली असते.

जयपूरची हकीकत मात्र लढाईची नाही आणि ती जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

साठच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे पाय बसवून गेलेले लोक काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. पाय मोडलेला नसे, तो घरी ठेवलेला असे. त्या वेळी जगभर चालणारं कृत्रिम पाऊल साच पद्धतीचं होतं: आत लाकडाचा ताठ गाभा, टाचेत मऊ पाचर, घोट्याला हालचाल नाही. ते बुटात घालून फिरायचं पाऊल होतं. फरशीवरून, फुटपाथवरून, ऑफिसात जाणाऱ्या माणसाला ते पुरे. पण राजस्थानातला शेतकरी अनवाणी शेतात उतरतो, जेवायला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो, देवळात आणि स्वयंपाकघरात जोडा काढून जातो. त्याच्या अंगणात ते पाऊल निरुपयोगी ठरलं. बूट काढला की चालता येईना, बूट घातला की आत जाता येईना. पाऊस-चिखलात बूट कुजून जाई ते वेगळंच.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण धातू, लाकूड, माती यांत हात बसलेला. रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी ते तिथे येत. असं सांगतात की टायरच्या दुकानात रबर तापवून चिकटवण्याचं काम बघताना त्यांना पाऊल रबराचं करायची कल्पना सुचली. डॉक्टरला शरीर कळत होतं, कारागिराला माल कळत होता, आणि साठचं दशक संपता संपता दोघांच्या हातून एक पाऊल तयार झालं. टाचेकडे आणि चवड्याकडे स्पंजासारखं सूक्ष्मपेशी रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, त्याभोवती टायरच्या दोऱ्याची मजबुती आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं साच्यात घालून भट्टीत शिजवलेलं. बोटं, नखं सुद्धा उमटलेली. हे पाऊल घोट्याशी वर वाकतं, म्हणून उकिडवं बसता येतं. आडवं थोडं वळतं, म्हणून मांडी घालता येते. डावी-उजवीकडे कलतं, म्हणून ढेकळांतून आणि भाताच्या बांधावरून जाता येतं. पाण्यात भिजलं तर पुसून ठेवलं की झालं.

या पावलाचं पेटंट घेतलं गेलं नाही, कुणीही बनवावं म्हणून. १९७५ मध्ये जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली आणि डी. आर. मेहता यांच्या पुढाकारानं पाय फुकट बसवायचं काम फार मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींच्या वाट्याला तेवढा मान आला नाही. आपल्याकडे हत्यार धरणाऱ्याचं नाव पाटीवर शेवटी येतं, आलं तर. पुढे अफगाणिस्तान आणि कंबोडियात सुरुंगांनी पाय गेलेल्यांपर्यंत हे पाऊल पोहोचलं, कारण तिथलीही माणसं जमिनीवर बसतात आणि शेतात अनवाणी चालतात.

जयपूर फुटाची एवढी कौतुकाची गोष्ट सांगितल्यावर लगेच हेही सांगितलं पाहिजे की पाऊल हा पायाचा सोपा भाग आहे. अवघड भाग वर असतो, जिथे शरीर आणि वस्तू एकमेकांना भेटतात. त्या भागाला सॉकेट म्हणतात, आणि उरलेल्या अवयवाला दवाखान्यात सगळे स्टंप म्हणतात. गुडघ्याखाली पाय कापलेला असेल तर हाडाच्या टोकावर शरीराचा भार टेकवता येत नाही. टोकाची कातडी तो सोसत नाही. म्हणून भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर आणि आजूबाजूच्या मांसल भागांवर वाटून घ्यायचा, आणि नडगीची कड, बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं अशा जागा मात्र मोकळ्या सोडायच्या. गुडघ्याच्या वर कापलेलं असेल तर भार थेट बसायच्या हाडाशी न्यावा लागतो. यासाठी प्लास्टरच्या पट्ट्यांनी माप घेतात, त्यावरून साचा ओततात, आणि मग तो साचा हातानं घासतात: इथे थोडा कमी, तिथे थोडा भर. पूर्वी नळी ॲल्युमिनियमची ठोकून करत, आता बहुतेक ठिकाणी शेतीच्या पाइपसारखा जाड प्लास्टिकचा पाइप भट्टीत तापवून साच्यावर चढवतात. पाइप कुणीही तापवेल. साचा कुठे घासायचा हे ज्याच्या हाताला कळतं, त्याच्याच पायावर माणूस चालतो.

शिवाय स्टंप एका मापाचा राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरते, न वापरलेले स्नायू वाळतात, आणि पहिल्या वर्ष-दीड वर्षात तो इतका बारीक होतो की पहिला सॉकेट सैल पडणं हे ठरलेलंच. दिवसभरातही तो बदलतो: सकाळी घट्ट बसलेला पाय संध्याकाळी ढिला होतो, स्टंप आत खोल उतरतो आणि नको त्या जागी भार पडतो. जाणती माणसं खिशात जास्तीचा मोजा बाळगतात आणि दुपारी एखादा थर वाढवतात. स्टंप सकाळी धुवायचा नाही, रात्री धुवायचा, कारण ओलसर मऊ कातडी सॉकेटमध्ये लवकर सोलवटते. एप्रिल-मेमध्ये विदर्भात घामानं मोजा चिंब होतो, तेव्हा तासा-दोन तासांनी पाय काढून पुसावा लागतो. आणि त्यासाठी कार्यालयात, बसस्टँडवर, लग्नमंडपात आडोसा शोधावा लागतो. बायकांना तो आडोसा मिळणं किती कठीण जातं, यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटलं.

शिबिरांबद्दल इथेच बोलतो. आपल्याकडे पायवाटपाची शिबिरं फार भरतात. मंडप पडतो, पाहुणे येतात, फोटो निघतात, आणि सकाळी माप दिलेला माणूस संध्याकाळी पाय लावून घरी जातो. जयपूर पद्धतीचं हे बळच आहे: परगावच्या गरीब माणसाला चार खेपा परवडत नाहीत, त्याला एका मुक्कामात पाय मिळतो. या कामाला नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. पण शिबिर उठून गेल्यावर सहा महिन्यांनी पट्टा तुटला, रबर फाटलं, सॉकेट ढिला झाला, तर तो माणूस कुणाकडे जाणार? देणगीदाराला नवा पाय द्यायला आवडतं. जुन्या पायाच्या दुरुस्तीवर नाव कोरता येत नाही. म्हणून घरोघरी माळ्यावर पाय पडलेले असतात आणि त्यांचे मालक कुबड्यांवर फिरत असतात. म्हणजे सेठींनी जिथून सुरुवात केली, तिथेच आपण पुन्हा येऊन ठेपलेलो. किती पाय वाटले यापेक्षा दोन वर्षांनी त्यांतले किती पायात आहेत हे मोजलं, तर शिबिरांचं रूपच पालटेल.

आता कुबडी. साधी गोष्ट, म्हणून तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. औषधाच्या दुकानातून जोडी आणली जाते, उंचीचं छिद्र अंदाजानं निवडलं जातं, आणि माणूस काखेवर सगळं वजन टाकून लोंबकळत चालतो. काखेतून हाताच्या नसा जातात. तिथे महिनोन्महिने दाब पडला तर मनगट लुळं पडू शकतं. पाय गेलेल्या माणसाचा हातही गेला तर मग काय उरलं? वजन पंजांवर घ्यायचं असतं. कुबडीची वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटं खाली हवी, आणि मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. दीर्घ काळ वापरायची असेल तर कोपराला कडं असलेली कुबडी बरी: काख मोकळी राहते, आणि दार उघडताना मूठ सोडली तरी ती हातालाच अडकून राहते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबडी आणि कृत्रिम पाय आधी. टोकाचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदलायचं. ओल्या फरशीवर, कोकणातल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर माणूस पडतो तो बहुधा या झिजलेल्या बुचामुळे. वस्तू किरकोळ किमतीची, पण घरात दोन जास्तीची असावीत.

कुबडीची खरी अडचण वेगळीच आहे. तिनं दोन्ही हात अडकतात. कुबड्यांवर उभा माणूस स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चहाचा कप नेऊ शकत नाही. बाळ उचलू शकत नाही. पावसात छत्री धरू शकत नाही. कृत्रिम पाय लावायचा सगळ्यांत मोठा लाभ, माझ्या मते, चालण्यापेक्षा हात मोकळे होणं हा आहे. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पाय बसवायला आलेल्या पुरुषाला विचारलं तर तो चालायचं म्हणतो, बाईला विचारलं तर ती उभं राहायचं म्हणते. याच न्यायानं व्हीलचेअरचाही एक लाभ नजरेआड होतो. ती मांडी देते. मांडीवर ताट ठेवता येतं, फाइल ठेवता येते, नातू बसवता येतो.

व्हीलचेअरची घडी घालता येते ही सोय १९३० च्या दशकातली, अमेरिकेतली. खाणीच्या अपघातात कमरेखाली लुळे पडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी इंग्रजी एक्स अक्षरासारख्या फुलीवर दुमडणारी नळ्यांची खुर्ची केली, मोटारीत मावेल अशी. आज आपल्या दवाखान्यांत दिसणारी जड खुर्ची हा त्याच घाटाचा वंश. ती दुसऱ्यानं ढकलायची खुर्ची आहे; स्वतः चालवायची खुर्ची हलकी, बसणाऱ्याच्या मापाची असावी लागते. पाय गमावलेल्या माणसासाठी तिच्यात आणखी एक बदल हवा, जो पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसतो. पाय हे शरीराचं मोठं वजन आहे. ते पुढून कमी झालं की भार मागे सरकतो, आणि साधी खुर्ची उतारावर किंवा उंबरठा ओलांडताना मागे उलटू शकते. म्हणून मागच्या चाकांचा आस थोडा मागे न्यायचा किंवा मागे छोटी आधारचाकं लावायची. गुडघ्याखाली पाय गेलेला असेल तर बैठकीला पुढे एक फळी जोडायची, म्हणजे स्टंप लोंबकळत राहत नाही आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडत नाही.

खुर्ची घेतली, पण ती न्यायची कुठे? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. उताराचा नियमही ठरलेला: एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. आपल्याकडे मात्र बँकेच्या दारात सिमेंटचा एक आखूड तीव्र घसरडा लिंपला जातो आणि त्यालाच रॅम्प म्हणतात; त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. वारकरी परंपरेत कूर्मदासाची कथा आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून पंढरीला सरपटत निघाला, लऊळपर्यंत आला, आणि पुढे जाववेना तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला तिथे आला. सरकारी कचेऱ्यांना ही कथा कुणीतरी सांगायला हवी. तिथे अजून भक्तालाच दुसऱ्या मजल्यावर बोलावतात, आणि ते सुद्धा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी.

तीनचाकी सायकलीबद्दल शहरी वाचकाला फारसं माहीत नसतं. हातानं पायडल मारायची ही गाडी गावातल्या कच्च्या रस्त्यावर व्हीलचेअरपेक्षा कितीतरी बरी चालते, खुर्चीसारखी खड्ड्यात अडकणारी छोटी चाकं तिला पुढे नसतात, आणि मागे पेटी बसवली की तिच्यावर दुकान चालतं: पानबिडी, लॉटरी, मोबाइलची रिचार्ज कार्डं. घरात मात्र ती येत नाही. म्हणून दाराशी कुबड्या लागतात. आता बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आणि मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटर आल्या आहेत, आणि तरुणांच्या आयुष्यात त्यांनी कृत्रिम पायाइतकाच फरक केला आहे असं लेखकांचं निरीक्षण आहे. मला ते पटतं. नोकरी मिळते ती बहुतेकदा पोहोचता येतं म्हणून. १९८१ पासून केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची योजना आहे. तिचा लाभ घ्यायला ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. कागद कुठले, रांग कुठे, हे परिशिष्टात दिलं आहे.

महागड्या साधनांचा मोह कुणालाच सुटत नाही, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. १९७६ मध्ये पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकी तरुणानं कार्बन तंतूंचं पाऊल बनवलं, जे दाबलं की शक्ती साठवतं आणि उचलताना परत देतं. धावपटूंचं ‘ब्लेड’ त्याचाच वंशज. १९९७ मध्ये ऑटोबॉक या जर्मन कंपनीनं संगणकाची चिप असलेला गुडघा बाजारात आणला. तो प्रत्येक पावलाला स्वतःचा ताठरपणा बदलतो आणि ठेच लागली तर सावरायला मदत करतो. गुडघ्यावर पाय गेलेल्या, फिरतीचं काम करणाऱ्या तरुणाला हा गुडघा खरोखर उपयोगाचा आहे. मात्र तो रोज चार्ज करावा लागतो, त्याची दुरुस्ती मोठ्या शहरातच होते आणि किंमत लाखांत जाते. घर गहाण टाकून तो घेण्याआधी साध्या गुडघ्यावर वर्षभर चालून पाहावं. आणि कुठल्याही गुडघ्याच्या वरचा सॉकेट चुकीचा असेल तर चिप काही करू शकत नाही.

वयस्कर मंडळींचा प्रश्न निराळा, आणि तोच दिवसेंदिवस वाढतो आहे. पूर्वी पाय जायचा तो लोकलच्या रुळांवर, मळणीयंत्रात, रस्त्यावरच्या अपघातात. आता साखरेनं जातो. मधुमेहात पावलाची जाणीव मंदावते, चप्पल चावलेली कळत नाही, जखम चिघळते. कुष्ठरोगातही पाऊल असंच बधिर होतं, आणि त्या रुग्णांसाठी तयार झालेल्या मऊ रबराच्या चपला मधुमेह्यांनाही उपयोगी पडतात. बधिर पावलाला टोचणं कळत नाही, म्हणून चपलेनंच मऊ असायचं. एक पाय गेलेल्या मधुमेह्यानं दुसरं पाऊल रोज रात्री, हवं तर आरशात, तपासलंच पाहिजे. कुबड्यांवर उड्या मारत चालताना सगळा भार त्याच पावलावर येतो. पाय बसवायचा की नाही याचा निर्णयही इथे वेगळा होतो. कृत्रिम पायानं चालायला जास्त दम लागतो: गुडघ्याखाली असेल तर साधारण चौथा हिस्सा जास्त, गुडघ्यावर असेल तर ६० टक्क्यांच्याही वर. सत्तरीतल्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसाला गुडघ्यावरचा पाय लावून चालवणं हा कधीकधी मुलांच्या मनाच्या समाधानाचा भाग असतो. अशा माणसाला चांगली खुर्ची, रुंद दार, कमोड आणि पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी दिली तर त्याचा दिवस जास्त बरा जातो.

एक गोष्ट अजून, जी लोक बोलून दाखवायला लाजतात. गेलेला पाय दुखतो. नसलेल्या बोटांना मुंग्या येतात, नसलेली पोटरी वळते, रात्री टाच आगीसारखी जळते. घरचे म्हणतात मनाचे खेळ. ते मनाचे खेळ नाहीत. मेंदूतला त्या पायाचा नकाशा अजून तसाच असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमींना पाहून सायलस वेअर मिचेल यांनी या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं. गेल्या शतकाच्या शेवटी डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपाय सुचवला: दोन पायांच्या मध्ये आरसा धरायचा, त्यात चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं, आणि ते हलताना पाहून काहींचा पेटका सुटतो. सगळ्यांना गुण येत नाही. नीट बसलेला पाय नेमानं वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं कमी होतं, हा अनुभव पुस्तकातल्या मुलाखतींत वारंवार येतो.

पुस्तक कुठूनही वाचायला हरकत नाही, एक अपवाद सोडून. ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी आधी तिसरं प्रकरण उघडावं आणि इतिहास, योजना, किमती हे सगळं नंतर वाचावं. त्या पहिल्या आठवड्यांत तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यात, टोकाकडे घट्ट आणि वर सैल, असं दिवसातून तीन-चार वेळा सोडून बांधायचं. स्टंपखाली उशी ठेवायची नाही, कितीही बरं वाटलं तरी, कारण सांधा वाकलेला राहिला की आखडतो आणि आखडलेल्या सांध्यावर पाय बसत नाही. गुडघ्यावर कापलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून रोज थोडा वेळ पालथं झोपायचं. उशी देणारा हात बहुधा आईचा किंवा बायकोचा असतो, म्हणून ते प्रकरण रुग्णाइतकंच त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. चित्रं मोठी आहेत, आणि छपाईच्या वेळी ती पानं फाडून भिंतीला लावता येतील अशी सुटी ठेवली आहेत.